पेलसाहेबांचं बालपण

माझ्या टायपिंगच्या दुकानात टेबलावर एक प्लॅस्टरचं डोकं आहे. केस नाहीत, नजर कोरी, आणि टाळूपासून कानापर्यंत शेताला बांध घालावेत तशा काळ्या रेघा. प्रत्येक वाफ्यात बारीक इंग्रजी अक्षरं. इथे माया, इथे लोभ, इथे कपट, कानाच्या वर भांडखोरपणा. झेरॉक्सला आलेला माणूस आधी त्या डोक्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विचारतो, "हे कोण तुमचे?" मागच्या दसऱ्याला आईने कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला हळदकुंकू लावलं, तेव्हा त्यालाही लावलं. मी पुसलं नाही. लोभाच्या वाफ्यावर अजून पिवळा डाग आहे.

हे डोकं टेंबेकाकांनी जुन्या बाजारातून आणलं होतं. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल चार ओळी तरी कोणी लिहायला हव्या होत्या, पण लिहिणारं माणूस त्यांना नव्हतं. मी आहे. मी टायपिस्ट. इतिहासात बी.ए., दुसरा वर्ग. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते, आई भाजी निवडायला जायची, आणि आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

कसबा पेठेतल्या ज्या इमारतीच्या खाली माझं दुकान होतं, तिच्या दुसऱ्या मजल्यावर काका एका खोलीत राहायचे. रघुनाथ टेंबे. विमा कचेरीतून निवृत्त, लग्न केलेलं नाही, नातेवाईक कोणी कधी दिसले नाहीत. खोलीत एक खुर्ची. दुसरी का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसरी ठेवली की तिच्यावर कपडे साठतात." आलेला माणूस ट्रंकेवर बसायचा, आणि ट्रंकेवर कोणी फार वेळ बसत नाही. केस ते स्वतःचे स्वतः कापायचे, दोन आरसे समोरासमोर लावून. गल्लीतल्या सलूनवाल्याला याचा राग होता. तो म्हणायचा, "वीस वर्षं रोज माझ्या दारावरून जातात, पण डोक्याला हात लावू देत नाहीत."

शनिवारी त्यांची शेगडी पेटायची नाही. दोन वेळा चहा, बस. लोकांना वाटायचं मारुतीचा उपास. समोरच्या घरातल्या लिमयेकाकूंनी एकदा देवळातला प्रसाद आणून दिला. काकांनी तो घेतला, डोळ्याला लावला, आणि म्हणाले, "मारुतीचा आणि माझा परिचय नाही. पण आपण आणलात म्हणून घेतो."

त्यांचा सगळा जीव एका माणसात होता. जोसाया पेल. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज. त्या काळी तिकडे एक शास्त्र निघालं होतं. कवटीवरचे उंचवटे आणि खड्डे चाचपायचे आणि माणूस कसा आहे ते सांगायचं. काका त्याला मस्तकविद्या म्हणायचे. पेल हा त्यातला फिरता वैद्य म्हणा, ज्योतिषी म्हणा. गावोगावच्या जत्रांमधून, सभागृहांमधून तो लोकांची डोकी बघायचा. फार मोठा झाला नाही. कुठल्या शहराने त्याचा पुतळा उभारला नाही. त्याच्या एका शिष्याने त्याच्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं, आणि ते डोक्याबरोबरच, एकाच गाठोड्यात, काकांना जुन्या बाजारात मिळालं. तेव्हापासून काका त्याचं मराठीत चरित्र लिहीत होते. मी त्यांना भेटले तेव्हा लिहायला लागून चौदा वर्षं झाली होती.

दर मंगळवारी अकराला ते जिना उतरून यायचे. हातात जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. अक्षर असं की छापायची गरजच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या भिंतीवर लावलेलं पदवीचं प्रमाणपत्र वाचलं. चष्मा वर करून, खाली करून, कुलगुरूंच्या सहीपर्यंत.

"पदवीधर आहात?"

"हो. घरातली पहिली."

"उत्तम. मग चुका कमी करा."

त्या दिवसापासून माझं नाव पदवीधर. "या, पदवीधर." "पदवीधरांचा चहा झाला का?" दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. काका म्हणायचे तेव्हा त्यात टोमणा असायचा, पण त्या टोमण्यात ते प्रमाणपत्र रोज एकदा वाचल्यासारखंही असायचं.

त्यांचा एक नियम होता. वाक्य लिहिलं की त्याला आकडा, आणि आकड्याला खाली तळटीप. कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, कितवं पान. एकदा एका वाक्यात जागा भरायला मी आपल्या मनाने 'असे म्हणतात' घातलं. काकांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

"कोण म्हणतात?"

"म्हणजे... लोक."

"लोकांचं नाव, गाव, पान?"

मी तो कागद परत माझ्याकडे ओढून घेतला.

"पदवीधर, ज्याला साक्षीदार नाही, ते घडलेलं नाही. विमा कचेरीत पस्तीस वर्षं मी हेच केलं. घर जळालं म्हणून लोक रडत यायचे. मी म्हणायचो, पंचनामा दाखवा."

हे त्यांनी विनोदाने सांगितलं होतं. मला मात्र ते फार पटलं. कॉलेजात कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. मी शब्द न् शब्द पाठ केला.

मस्तकविद्या खोटी आहे हे त्यांना पुरतं माहीत होतं. मीच एकदा तावातावाने म्हटलं, "काका, या असल्या शास्त्रानेच कोण वरचा, कोण हलका ते ठरवलं. तुमच्या पेलसाहेबाने माझ्या वडिलांचं डोकं चाचपून हमालीच काढली असती."

"काढली असती," काका म्हणाले. "आणि वर फी घेतली असती."

"मग त्याच्यावर चौदा वर्षं कशाला घालवायची?"

काकांनी पट्टी उचलून पानावर सरळ ठेवली. मग म्हणाले, "या माणसाने आयुष्यभर हजारो लोकांच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या डोक्यावर लहानपणी कोणी ठेवला होता का, तेवढंच मला बघायचंय."

आणि तेच सापडत नव्हतं. शिष्याच्या पुस्तकात पेल सहा वर्षांचा असताना त्याची आई वारते, आणि पुढच्या पानावर तो एकदम सतरा वर्षांचा होऊन न्हाव्याच्या दुकानात वस्तरा धरून उभा असतो. मधली अकरा वर्षं म्हणजे एक वाक्य. त्याचे दिवस कष्टात गेले. दुसरं प्रकरण, 'बालपण व संगोपन', काकांनी कोरंच ठेवलं होतं. तिसऱ्यापासून बाविसाव्यापर्यंत सगळं लिहून तयार. परदेशातल्या वाचनालयांना पत्रं गेली होती. एका ठिकाणाहून सौजन्याचं उत्तर आलं होतं की असा कोणी इसम आमच्या नोंदीत नाही. ते पत्र काकांनी जपून ठेवलं होतं, कारण त्यांना आलेली पत्रं फार नव्हती.

लिमयेकाकूंची मुलगी दहावी झाली तेव्हा काकू तिला घेऊन वर गेल्या. मीही पानं द्यायला वरच होते. "हिचं डोकं बघून सांगा ना, सायन्सला घालू की कॉमर्सला?"

"काकू, हे शास्त्र खोटं आहे."

"असू दे हो. एवढी वर्षं अभ्यास केलात, काहीतरी कळत असेलच."

"मी खोट्या गोष्टीचा अभ्यास केला. त्यातून खरं कसं कळेल?"

काकू काही हलायला तयार नाहीत. शेवटी काका उठले. हात धुऊन आले, पंच्याने कोरडे केले, आणि मुलीच्या डोक्यावर दोन्ही तळवे ठेवले. बोटं हलवली नाहीत, नुसते ठेवले. मुलगी आधी खुदकन हसली, मग तिचीही चुळबूळ थांबली. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांनी हात काढले आणि म्हणाले, "डोकं चांगलं आहे. वेळेवर जेवायला घाला."

काकूंनी खाली येताना मला सांगितलं, "विक्षिप्तच आहे बाई हा माणूस."

माझ्या वडिलांना मात्र ते आवडले. चरित्रात एक प्रकरण होतं, की धंद्यामुळे कवटीचा आकार बदलतो असं पेलचं म्हणणं होतं. काकांना ते तपासायचं होतं. मला म्हणाले, "आपल्या वडिलांनी किती वर्षं डोक्यावरून पोती वाहिली?" मी म्हटलं, "तीस." "मग मला त्यांना भेटायला हवं. त्यांना वेळ असेल तेव्हा." असं विचारून वेळ घेऊन माझ्या वडिलांना भेटायला त्याआधी कोणी आलं नव्हतं.

मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यासमोर दोघं उभे. काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, वडील घामाने भिजलेले. आम्ही मूळचे वाशीमकडचे, आणि वडिलांनी बोली कधी बदलली नाही.

"मायं डोस्कं कायले पाह्यता साहेब? बिमार नाही मी."

"तीस वर्षांत डोक्याचा आकार बदलला का, ते बघायचंय. टोपी घट्ट व्हायला लागली, सैल झाली, असं काही?"

वडिलांनी विचार केला. घाई नाही केली. मग म्हणाले, "डोस्कं नाही बदलत साहेब. मान बदलते."

काकांनी खिशातून कागद काढून ते तिथेच लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर पान आलं. पेलचं सगळं म्हणणं मांडून शेवटी लिहिलं होतं, 'प्रस्तुत लेखकाच्या मते हे विधान टिकत नाही. डोके बदलत नाही, मान बदलते.' वर आकडा. खाली तळटीप होती: 'श्री. किसन बळीराम इंगळे, हमाल, मार्केट यार्ड, पुणे. प्रत्यक्ष भेट.'

त्या ओळीचा प्रिंट मी घरी नेला. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी आपलं नाव कुठे आहे ते विचारलं, त्यावर बोट ठेवलं, आणि बोट ठेवूनच चहा प्यायले.

म्हणून आईने काकांना जेवायला बोलावलं. मी म्हटलं येणार नाहीत. गल्लीत ते कोणाकडेच जेवत नसत, आणि आमच्याकडे तर यायचा प्रश्नच नाही, असं मला वाटत होतं. मी निरोप दिला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वार कोणता?"

"रविवार."

"येतो."

आले. बसने, उन्हात, हातात राजेळी केळ्यांची फणी. आमची दीड खोली. आईने आत, भिंतीपाशी त्यांचं ताट मांडलं होतं. ते कधी उचलून त्यांनी दाराशी नेलं, कळलंच नाही. उंबऱ्याजवळ, रस्त्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आई वाढत गेली, ते खात गेले. नको म्हणाले नाहीत, आणखी म्हणाले नाहीत. आईने विचारलं, "कसं झालं साहेब?"

"उत्तम."

जेवण झाल्यावर त्यांनी फुलपात्रातलं पाणी पंच्यावर घेतलं आणि आपल्या ताटाची जागा पुसून काढली. कडेकडेने, गोल, सराईत हाताने. आई धावली. "ठेवा साहेब, ठेवा! काय करता हे!"

"राहू द्या. सवय आहे."

ते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला वडील थांबले. वरणात मीठच नव्हतं. पाहुण्याच्या गडबडीत आई घालायलाच विसरली होती. तिने कपाळावर हात मारला. "आन् तो माणूस उत्तम म्हन्ते!"

मी हसले. आई हसली नाही. ती दाराजवळच्या त्या पुसलेल्या फरशीकडे बघत होती. म्हणाली, "या माणसाले दुसऱ्याच्या घरी जेवाची लय सवय हाय. पन पाहुना म्हनून नाही."

मला ते समजलं नाही. मी पदवीधर.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका मंगळवारी काका साडेदहालाच खाली आले. कधी नव्हे ते पानं हातात न देता टेबलावर ठेवून निघून गेले. वर लिहिलं होतं, 'प्रकरण दुसरे. बालपण व संगोपन.' मला आनंद झाला. म्हटलं, सापडलं वाटतं कुठून तरी. मी टाइप करायला बसले.

'नवव्या वर्षी जोसाया एकटाच त्या गावी शिकायला आला. निजायला शाळेची ओसरी होती. जेवणाचे वार लावले. सोमवार खोगीरवाल्याकडे, मंगळवार औषधविक्याकडे, बुधवार एका विधवा बाईकडे. ही बाई वाढताना हात सैल सोडी, त्यामुळे बुधवार लवकर येत नसे आणि आला की लवकर संपे. गुरुवारच्या घरी उपास असे, म्हणून जोसायालाही उपास घडे. शुक्रवारच्या घरी मुलांची पंगत उठल्यावर दाराशी पान मांडीत. रविवार पाद्र्याकडे. जेवल्यावर सर्वत्र आपल्या जागेला शेण लावून घ्यावे लागे. शनिवारचे घर शेवटपर्यंत मिळाले नाही. शनिवारी तो लवकर निजे. या सहा घरांत त्याने कधी मीठ मागितले नाही. मीठ कमी आहे असे म्हणणे हे घरच्या मुलांचे काम.'

अशी चार पानं. एकाही वाक्याला आकडा नाही.

आता मी इतिहासाची विद्यार्थिनी. वार लावून जेवणं मला पुस्तकातून माहीत होतं. जुन्या पुण्यात गरिबाचा मुलगा शिकायला आला की आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा, ही इथली चाल. इंग्लंडात कुठले वार? तिथे गुरुवारचा उपास कोण धरतो? आणि शेण? मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ज्या माणसाने मला 'असे म्हणतात' वरून उभं केलं होतं, त्याची चूक मला सापडली होती. मी लाल पेन घेतलं. समासात लिहिलं, 'इंग्लंडात ही चाल होती का? संदर्भ?' मग पुढच्या परिच्छेदाला, 'संदर्भ?' मग त्याच्या पुढच्या. चार पानांत अकरा वेळा 'संदर्भ?' लिहिलं. शेणाच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी वर जाऊन पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. सगळी. प्रत्येक 'संदर्भ?' वर पट्टी ठेवून, थांबून. मी ट्रंकेवर बसून शाबासकीची वाट बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "साक्षीदार नाही."

पानं त्यांनी घडी करून प्लॅस्टरच्या डोक्याखाली ठेवली.

पुढच्या मंगळवारी दुसरं प्रकरण आलं. एका ओळीचं. 'या काळाची माहिती उपलब्ध नाही.' आणि खाली, 'येथून पुढे प्रकरण तिसरे.'

ही गंमत म्हणून मी घरी सांगितली. शेण, उपास, पाद्र्याकडचा रविवार. वडील हसले. आई पोळपाट पुसत होती, ती थांबली.

"शनिवारी कोन जेवत नाही म्हने?"

"तो जोसाया. पुस्तकातला."

"आन् टेंबेसाहेब?"

त्यांची शनिवारची न पेटणारी शेगडी मीच कधीतरी आईला सांगितली होती.

"जागा कोन पुसते?" आई म्हणाली. "अळनी वरन उत्तम म्हनून कोन खाते? पोरी, त्या माणसानं पह्यल्यांदा तोंड उघडलं असन, आन् तू त्याले पावती मागतली."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वर गेले. दार उघडंच होतं. काका आरशासमोर केस कापत बसले होते, दुसरा आरसा मागे खिडकीत टेकवलेला. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "काका, ती पानं परत द्या. मी टाइप करते."

"रद्द केली आहेत."

"माझ्या वडिलांचं तोंडी सांगणं तुम्ही तळटिपेत घेतलं. प्रत्यक्ष भेट म्हणून. मग तुमचं का नाही चालत?"

कात्री थांबली. आरशात त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मागच्या आरशात त्यांचीच पाठ दिसत होती.

"आपले वडील होते तिथे," ते म्हणाले. "त्यांनी पोती वाहिली. पेलसाहेब कुठे होते, मला माहीत नाही. माझे कपडे त्यांच्या अंगावर घालायचं मला काही कारण नव्हतं. आपण वेळेवर सांगितलंत. पदवी फुकट गेलेली नाही."

हे त्यांनी टोमण्याने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले.

चरित्र पुरं झालं. तीन प्रती काढल्या, बांधून घेतल्या. एक पेठेतल्या वाचनालयाला दिली, एक पेलच्या गावी टपालाने पाठवली. तिची पोच आली नाही. काका काही महिने पोस्टमनला जिन्यातच गाठून विचारायचे, मग तेही बंद केलं. मंगळवारी अकराला मात्र खाली येत राहिले. द्यायला पान नसायचं. "काही नाही, आपलं चाललंय ना, ते बघायला आलो," म्हणायचे, प्रमाणपत्राकडे एकदा बघायचे आणि वर जायचे.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. भाडेकरूंना मधल्या काळापुरती दुसरी सोय करायला सांगितलं. मी समोरच्या गल्लीत गाळा बघितला. काकांनी कात्रजच्या पुढचा, डोंगराच्या पायथ्याचा एक वृद्धाश्रम बघितला, एकट्यानेच जाऊन. निघताना ट्रंक भंगारवाल्याला दिली आणि डोकं मला. डोक्याखाली काही नव्हतं, मी आधी तेच बघितलं. "पानं?" मी विचारलं. "निकालात काढली," ते म्हणाले. मग रिक्षात बसण्याआधी डोक्याच्या टाळूवर एकदा तळवा ठेवला. "पेलसाहेब, पदवीधरांकडे नीट राहा. त्या प्रश्न फार विचारतात."

कात्रज काही परदेशात नाही. तरी मला जायला चार महिने लागले. दुकान, वडिलांचं मणक्याचं दुखणं, ही कारणं आहेतच. पण खरं कारण असं की गेल्यावर काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. आईला सुचलं. एका शनिवारी दुपारी तिने भरल्या वांग्यांची भाजी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, डबा भरला आणि माझ्यासमोर ठेवला. "जाय. आज जाय. उद्या नको."

आश्रमाची इमारत नवी होती, पिवळ्या रंगाची. काका आवारातल्या बाकावर बसले होते. वाळले होते, शर्ट मात्र इस्त्रीचा. केस एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त. दुसरा आरसा लावायला जागा मिळाली नसावी.

"या, पदवीधर. दुकान?"

"चाललंय."

"पेलसाहेब?"

"बरे आहेत. तुम्ही कसे?"

"इथे सातही वार एकाच घरी," ते म्हणाले. "विचित्र वाटतं."

वारांबद्दल ते स्वतःहून बोलले ते एवढंच. सात वाजायच्या सुमाराला जेवणाची घंटा झाली. म्हातारी माणसं काठ्या टेकत, एकमेकांना हाका मारत आत गेली. एका आजोबांनी दारातून हाक दिली, "टेंबे, आज तरी येताय का?" काकांनी नुसता हात हलवला. आवार रिकामं झालं. ते बसून राहिले, आणि ते कसे बसलेत ते बघून मला कळलं, की ते लवकर निजायची वाट बघतायत.

मी डबा बाकावर ठेवला. "काका, आजचा वार आमच्याकडे."

त्यांनी डब्याकडे बघितलं.

"कोणी ठरवलं?"

"आईने."

"आज शनिवार आहे, हे त्यांना ठाऊक आहे?"

"म्हणूनच."

रस्त्यावरून दुधाचा एक टँकर घाटाकडे गेला. त्याचा आवाज पुरता विरल्यावर काका उठले, डबा उचलला, आणि व्हरांड्याच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून बसले. मी दुसरीकडे बघत राहिले. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. मग तोही यायचा थांबला. नळावर डबा धुतला गेला. त्यांनी खिशातून पंचा काढून ओला केला आणि पायरी पुसली, कडेकडेने, गोल. मी 'राहू द्या' म्हटलं नाही. या वेळी मी काहीच विचारलं नाही.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. डबा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. चेहरा विमा कचेरीतला, पंचनामा वाचत असल्यासारखा.

"आईंना सांगा," ते म्हणाले, "भाजीत मीठ कमी होतं."

मी मान हलवली. बस आली. मागच्या खिडकीतून पाहिलं तर ते अजून फाटकाशी उभे होते, एक हात स्वतःच्या वेड्यावाकड्या कापलेल्या डोक्यावर ठेवून. नंतरचा शनिवार यायच्या आधी आश्रमातून फोन आला, त्यामुळे माझ्यापाशी शेवटचं आहे ते हेच.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर मी आधी पातेलं उघडलं. तळाशी भाजी उरली होती. बोटाने चाखून पाहिली.

मीठ बरोबर होतं.